सायलेन्सरवरचा डबा

माझ्या ताईच्या मनोरीच्या घरामागे एक शेड आहे आणि त्या शेडमध्ये एक छोटा ट्रॅक्टर आहे. छोटा म्हणजे इतका छोटा, की पहिल्यांदा पाहिला तेव्हा मी भावोजींना विचारलं होतं, याचे आईवडील कुठे आहेत म्हणून. एकाच सिलिंडरचं जुनं डिझेल इंजिन, पुढे हँडल मारून चालू करायचं, आणि बॉनेटमधून सरळ वर आलेला सायलेन्सरचा पाइप. वसईकडच्या कुणा बागायतदाराकडून भावोजींनी तो जुनाच उचलला होता. आमचा भाचा तेव्हा बाटलीने दूध पीत होता. हे पक्कं आठवतं, कारण त्याच्या दुधाच्या पावडरीचा रिकामा डबा भावोजींनी त्या पाइपवर उपडा घातला, पाणी आत जाऊ नये म्हणून. डबा असा फिट्ट बसला की घरी येईल त्याला ते आधी डबा दाखवायचे आणि मग, विचारलंच तर, ट्रॅक्टर.

भावोजी गेल्यावर ट्रॅक्टर थांबला. बिघडला नव्हता, चालवणारं कुणी उरलं नाही. भाचा मुलुंडला राहतो, आठवडाभर कॉम्प्युटरसमोर बसतो आणि सुट्टीला आईकडे येऊन झोपतो. भाताचा तुकडा ताईने शेजाऱ्याला करायला दिला. वांगी, मिरच्या, अळू एवढं ती स्वतः बघते. ट्रॅक्टर शेडमध्ये डोक्यावर डबा घेऊन नुसता उभा राहिला, आणि तसाच बरीच वर्षं राहिला असता.

पण मनोरीत सुट्टीला येणारी माणसं वाढली. ज्याच्याकडे दोन खोल्या होत्या त्याने तिसरी बांधली. भाच्याचं लक्ष शेडवर गेलं. पाहुण्यांसाठी तिथे खोली काढायची, पुढे एक झोपाळा टांगायचा, असं त्याच्या मनात होतं. भंगारवाला येऊन ट्रॅक्टर बघूनसुद्धा गेला. गेल्या वर्षी गणपतीत मी तिथे असताना भाच्याने विषय काढला.

"मामा, चालू असता तर मी बोललोच नसतो," तो म्हणाला. "पण डेड आहे यार तो. मेलेलं लोखंड ठेवून काय करायचं?"

ताई मोदकांची उकड मळत होती. तिने मान वर केली नाही. "तो चालू झालो तर?"

"झाला तर राहू दे. हात लावणार नाही मी. शब्द."

मग दोघंही माझ्याकडे बघायला लागले.

माझं सगळं आयुष्य इंजिनांत गेलं. आधी मुलुंडला एका कारखान्यात फिटर होतो. तो बंद पडल्यावर घाटकोपरला एका गाळ्यात पंप आणि छोटी डिझेल इंजिनं दुरुस्त करत बसलो. गुडघ्यांनी राम म्हटला तेव्हा गाळा सोडला. आता बोरिवलीला घरी बसून मी शेजाऱ्यांचे मिक्सर उघडतो आणि बायकोचं डोकं खातो, असं बायको सांगते. जुनं इंजिन उघडायला मिळणार म्हणून मी आतून खूश झालो होतो, पण ताईला म्हटलं, बघू, वेळ मिळाला तर.

"खंडेनवमीक तेचो आवाज ऐकूचो आसा माका," ती म्हणाली. मनोरीत इतकी वर्षं काढली तरी माझ्याशी बोलताना ती अजून आमच्या आईची मालवणीच बोलते.

काम सुरू केलं तेव्हा पितृपक्ष लागला होता. या दिवसांत नवीन काही काढू नये म्हणतात. मी म्हटलं, यात नवीन काय आहे, हे तर तुझ्या लग्नाहून जुनं आहे. ताई हसली. शेडमध्ये भाजीचा एक क्रेट उपडा घालून ती माझ्या बाजूला बसायची, अळूची पानं पुसत आणि बोलत. मी काय सोडवतो ते तिला कळत नव्हतं, पण प्रत्येक नटाबरोबर तिला भावोजींचं काहीतरी आठवायचं. या पान्याने त्यांचं बोट कसं चिरडलं होतं, या पट्ट्यासाठी ते भर उन्हात बोटीने खाडीपलीकडे मार्व्याला कसे गेले होते. मला कामात बडबड चालत नाही. गाळ्यात एवढं कुणी बोललं असतं तर मी हाकलून दिलं असतं. तिला बोलू दिलं.

जुनं इंजिन उघडायची घाई करायची नसते. आधी तेल काढून बोटांत चोळलं. काळं होतं, पण त्यात पाणी नव्हतं. हँडल लावून जोर दिला, ढिम्म हललं नाही. उलटं फिरवायला पाहिलं, तरी नाही. पिस्टन सिलिंडरला धरून बसला होता. इंधन फवारणारं नोझल काढून त्या भोकातून डिझेल ओतलं आणि मुरायला ठेवून बोरिवलीला परत आलो. पुढच्या खेपेला हँडल पुन्हा लावलं, तरी तेच. मग हेड, म्हणजे सिलिंडरचं वरचं झाकण, उतरवायचं ठरवलं. त्या दिवशी ताई शेतात गेली होती, ते एक बरं झालं असं मला नंतर वाटलं.

सिलिंडरमध्ये गंज असणार हे मी धरूनच चाललो होतो. समुद्र हाकेवर आहे, तिथे खिडकीचे गजसुद्धा हाताला पापुद्रे देतात. पण हवेचा गंज सगळीकडे सारखा, पातळ बसतो. हा तसा नव्हता. पिस्टनच्या डोक्यावर काळपट तांबडा चिकट थर होता आणि एका बाजूने भिंतीवर ओघळ उतरलेले होते. त्या थरात दाणे होते. मी चष्मा पुसून परत बघितलं. तांदूळ होते. फुगलेले, काळे पडलेले, पण अख्खे. कणी एकही नाही.

मग सायलेन्सर सोडवून जमिनीवर आपटला. त्याच्या वाकणातून झेंडूचे वाळलेले देठ पडले आणि तांदळाचा एक गोळा. गोळ्याला आतून अजून थोडा कुंकवाचा रंग होता.

पाण्याची वाट लगेच कळली. इंजिन शेवटचं थांबलं ते असं, की धूर बाहेर सोडणारा व्हॉल्व्ह उघडा राहिला. पाइपात जे पडेल ते सरळ पिस्टनवर. पण पाइपावर तर डबा होता, आणि तो कुणी काढल्याशिवाय निघत नाही.

दुपारी जेवायला बसलो. पितृपक्ष म्हणून मासे नव्हते, काळ्या वाटाण्याची उसळ होती. मी अगदी सहज विचारल्यासारखं विचारलं, "ताई, खंडेनवमीला ट्रॅक्टरची पूजा करतेस का गं अजून?"

मी स्वतः ती पूजा कधीच बघितली नव्हती. त्या दिवशी मला माझ्या गाळ्यातली यंत्रं पुजायची असायची. माझा प्रश्न ऐकून ताईचा चेहरा असा उजळला की मला तिथेच कळायला हवं होतं, आपण काय विचारून बसलो.

तिने सगळं सांगितलं. भावोजी होते तेव्हा हळदकुंकू लावून, चाकापाशी नारळ फोडून झाला की ते ट्रॅक्टर चालू करायचे आणि थोडा वेळ तसाच सोडायचे. त्याला डिझेल मिळायचं, धूर निघायचा, सणाचं त्याचंही जेवण व्हायचं. ते गेल्यावर डिझेल कोण घालणार? सणाच्या दिवशी तो कोरडाच उभा. तिला ते बघवेना. मग तिने डबा काढून पाइपाला माळ घातली, आत अक्षता आणि फूल टाकलं, आणि नारळाचं पाणी एक थेंब बाहेर न सांडता पाइपात ओतलं. पुढे दरवर्षी तेच. झालं की डबा परत नीट बसवायचा.

"तोंडच मां ता तेचा," ती म्हणाली. "सणाच्या दिवशी तेका उपाशी कसो ठेवूचो?"

मी भात कालवत राहिलो. तिचं संपलं नव्हतं. ओतून झालं की ती पाइपाला तोंड लावून भावोजींना वर्षभराचं सांगायची. शेवटी शेवटी त्यांना ऐकू कमी येत होतं, कानाशी तोंड नेऊन बोलावं लागायचं, ती सवय तिला होतीच. भाच्याच्या नोकरीचं, आंब्याच्या मोहोराचं, शेजाऱ्याने बांध सरकवल्याचं, सगळं. पाइपातून आवाज घुमून परत यायचा. ते हुंकार देत आहेत असं वाटायचं, असं ती म्हणाली आणि स्वतःच लाजली.

"कशान अडाकलो रे तो?" तिने वाढता वाढता विचारलं.

"खारी हवा," मी म्हटलं. "दुसरं काय?"

दुपारी पुन्हा शेडमध्ये आलो. माझी पद्धत अशी, की सुटे भाग निघतील त्या क्रमाने जुन्या ताटांत मांडायचे, म्हणजे बसवताना गोंधळ होत नाही. घाण चिंध्यांबरोबर टाकून देतो. पण अक्षता टाकवेनात. देवाच्या अक्षता आणि फुलं कचऱ्यात कोण टाकतं? आयुष्यभर निर्माल्य पाण्यात सोडलं, तेव्हा हेही परतताना खाडीत सोडू, बोटीतूनच, असं ठरवून मी ते तांदूळ आणि देठ एका वाटीत काढले आणि ताटाच्या कडेला ठेवले. दुसऱ्या कुठल्या मुलखातल्या मेकॅनिकने ते केव्हाच चिंधीला पुसले असते.

चहा घेऊन आलेल्या ताईने वाटी बघितली. दोन बोटांनी एक दाणा उचलला, चोळला.

"ह्यो अक्षता मां?"

"उंदराने नेल्या असतील," मी म्हटलं. "उंदीर काय, कुठेही साठवतो."

तिने खाली पडलेल्या पाइपाकडे बघितलं, मग वर, बॉनेटमधल्या रिकाम्या भोकाकडे. वाटीकडे परत बघितलं. "उंदीर," ती म्हणाली. "बरां." चहा ठेवला आणि गेली. मला वाटलं, खपलं.

पुढचं काम मला आवडणारं होतं. लायनर, म्हणजे सिलिंडरची आतली नळी, पिस्टनसकट ओढून काढावी लागली. दोघांचा संसार एकमेकांत इतका घट्ट झाला होता की पिस्टन फोडूनच सुटला. या इंजिनाचे भाग आता कुणी बनवत नाही. कुर्ल्याच्या भंगारात दुसऱ्याच कुठल्या इंजिनाचा पिस्टन मिळाला, जवळपासच्या मापाचा. लायनर घाटकोपरला माझ्या जुन्या शेजाऱ्याच्या लेथवर कातून घेतलं. तांदळाच्या गोणत्यात घालून मार्व्याहून बोटीने नेत होतो, तर एका कोळणीने कुठलं म्हावरं म्हणून विचारलं. लोखंडी सुरमई, मी म्हटलं. तिने गोणतं उचलून पाहिलं आणि मला वेड्यात काढलं.

पिस्टनखालच्या दांड्यावरून, क्रँकवरून, नख फिरवून बघितलं. कुठे ओरखडा लागला नाही. बेअरिंगं चांगली होती. याचा अर्थ भावोजींनी तेल कधीच चुकवलं नाही. हयातभर मी त्यांना हौशी मेकॅनिक म्हणून चिडवत आलो, पण त्यांचं इंजिन खालून बघितलं तेव्हा मनात त्यांना हात जोडले. हे त्यांना सांगायला हवं होतं. माणूस असताना आपण असल्या गोष्टी सांगत नाही, हे काही माझं एकट्याचं नाही, पण वाईट वाटायचं ते वाटलंच.

व्हॉल्व्ह घासून बसवले, रिंगांची फट तपासली, हेड चढवलं, डिझेलच्या नळीतली हवा काढली. या सगळ्या दिवसांत ताई क्रेटवर येऊन बसली नाही. चहा पडवीच्या कठड्यावर ठेवून ती आतूनच हाक मारायची. क्रेट शेडमध्ये उपडाच पडून होता. मी मनाशी म्हटलं, नवरात्र आहे, तिला घट आहेत, माळा आहेत, कामं असतात. इंजिनात जरा वेगळा आवाज आला तर मी झोपेतून उठतो. आपल्याच माणसाचं बोलणं बंद झालं, ते मला शांतता मिळाल्यासारखं वाटलं.

खंडेनवमीला भाचा सकाळीच आला. मी डबा काढून बाजूला ठेवला, हँडल मारलं. पहिल्यांदा नुसती फुसफुस झाली. परत मारलं. मग पांढरा धूर, खोकला, आणि इंजिनाने ठेका धरला. शेडचे पत्रे थरथरायला लागले. भाचा मोबाइलवर शूटिंग करत होता. "झकास, मामा," तो ओरडून म्हणाला, "शब्द म्हणजे शब्द, राहिला ट्रॅक्टर." त्याचे डोळे भरले होते. बापाच्या मांडीवर बसून त्याने तो चालवला होता, ते त्याला आता आठवलं असावं.

ताई शेडमध्ये नव्हती. स्वयंपाकघराच्या मागच्या दारात उभी होती, हाताला खवलेलं खोबरं. आवाज तिला ऐकायचा होता तो ती ऐकत होती, पण आमच्याकडे येत नव्हती. मी हाक मारली, पूजेला ये म्हटलं.

"तूच कर पूजा. माझे हात भरले आसत."

"मग धू की."

"नको," ती म्हणाली. "माझो हात नको तेका."

उंदीर एक क्षणसुद्धा जगला नव्हता, हे मला तेव्हा कळलं. जेवताना मी विचारलेला प्रश्न आणि वाटीतले दाणे, एवढ्यावर तिने त्याच दुपारी सगळं जुळवलं होतं. मी इंजिन बंद करायला भाच्याला सांगितलं आणि दारापाशी गेलो. म्हटलं, ताई, आता सगळं नवं आहे आत. पाणी चाकावर ओत म्हणजे झालं. पाइपाशी हवं ते बोल, बोलण्याने काही गंजत नाही.

"माका म्हायत नाय होता रे," ती म्हणाली. "ते गेले, आणि तेंचा एवढा एक मागे रवला होता. वर्साक वर्सा मियाच मारलंय तेका."

मला काही सुचलं नाही की मी चिडतो. तसाच चिडलो. यंत्र आहे ते, म्हटलं, यंत्र मरत नाही, त्याचा भाग जातो, भाग बदलला, झालं. ताईने मान हलवली, माझं मन राखायला. मग आत जाऊन खोबऱ्याचं वाटप वाटायला बसली. पूजा भाच्याने केली, मोबाइलवर बघून.

भाच्याने शब्द पाळला. शेड जागेवर आहे, पाहुण्यांची खोली त्याने गच्चीवर काढली. शेजारी कधीमधी ट्रॅक्टर नेतो आणि डिझेल भरून परत आणून ठेवतो. जे मागितलं होतं ते सगळं मिळालं. आणि मला राहून राहून वाटतं, ते हेड मी उतरवलं नसतं तर बरं झालं असतं. भंगारात गेला असता तर ताई रडली असती आणि मग सावरली असती. तिचं त्याच्याशी दरवर्षी जे बोलणं व्हायचं ते तरी स्वच्छ राहिलं असतं. अडकलेल्या इंजिनात तिचा नवरा तिला हुंकार देत होता. चालत्या इंजिनात तो नाही. कुणाची चूक म्हणावी तर कुणाचीच नाही, आणि म्हणूनच ती दुरुस्तही करता येत नाही.

या वर्षी खंडेनवमीला मी आदल्या दिवशीच मनोरीला गेलो. ताईने फोनवर एवढंच म्हटलं होतं, तू येतंस मां पूजेक? सकाळी मी ट्रॅक्टर पुसला, हळदकुंकू लावलं, माळ त्याच्या पुढच्या दिव्याला घातली. चालू करून गरम होऊ दिला आणि बंद केला. चाकापाशी नारळ फोडला, पाणी मातीवर ओतलं. मग इकडेतिकडे बघून पाइपाशी तोंड नेलं. तिच्या वतीने भावोजींना काहीतरी सांगावं असं वाटलं. पण ती काय सांगायची, कशी सुरुवात करायची, हे मी तिला कधी विचारलंच नव्हतं. "ताई बरी आहे," एवढं म्हटलं. पाइप तापलेला होता, ओठाला चटका बसला.

हात धुऊन पानावर बसलो. ताईने वाढलं. आवाज कसा होता, पूजा कशी झाली, काही विचारलं नाही. भात मोडला तेव्हा ती आतून म्हणाली, "डबो घातलंस मां वर?"

घातला नव्हता. पाइप निवेपर्यंत थांबायचं म्हणून बाजूला ठेवला होता, तो तसाच राहिला. मी पानावरून उठलो. ताई मागच्या दारात येऊन उभी राहिली, पदराला हात पुसत, उंबरठ्याच्या आतच. मी पाइपाला हात लावून पाहिला आणि डबा वर बसवला. तो बसल्याचा आवाज ऐकला आणि मग ती आत गेली.